सात वर्षं रंगसेवा, आठ वर्षं राखीव

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी मांडवगण फराट्यात कुणालाही विचारलंत तर तो तेच सांगेल, वर दोन गोष्टी पदरच्या घालून सांगेल. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका.

मी सावळाराम. शिरूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाच्या नोंदी, सगळं मराठीत. आणि मराठी म्हणजे मराठी. माझ्या कागदावर इंग्रजी शब्द उमटू देत नाही मी. कुणी ‘बोअरवेल’ म्हणालं की मी ‘विंधन विहीर’ लिहितो. ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणालं की ‘रोहित्र’. शेतकरी विचारतो, “भाऊसाहेब, ह्यो रोहित्र कोण? आमच्या भावकीत तर कुणी न्हाई ह्या नावाचा.” मी म्हणतो, गप बस आणि सही कर. लोक मला तिरसट म्हणतात. म्हणू देत. पंचवीस वर्षांत माझा एकही कागद शुद्धलेखनासाठी परत आलेला नाही. वाट चुकला तो एकच, रशीदमामांचा, आणि तोही शुद्धलेखनामुळं नव्हे.

रशीदमामा म्हणजे आमच्या मांडवगणचे रशीद तांबोळी. उंच, काटक, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि डोळ्यांत सदानकदा काहीतरी खोडी शिजत असलेली. एस.टी. स्टँडसमोर त्यांचं पानाचं दुकान. दुकान त्यांचं म्हणायचं, चालवायची शहाबानोमामी. मामा एकसष्ट साली तोफखान्यात गनर, म्हणजे तोफची, म्हणून भरती झाले. त्या काळी फौजेत अशी पद्धत होती, की सात वर्षं पलटणीत नोकरी करायची, मग घरी यायचं, पण सुटका नाही. पुढची आठ वर्षं नाव यादीत राहायचं. सरकारनं तार केली की असाल तसे निघायचं. पहिल्या सात वर्षांना म्हणायचे कलर सर्व्हिस आणि पुढच्या आठांना रिझर्व. पंधरा भरली की लहानशी पेन्शन.

आता गावात रिझर्व हा शब्द कुणाला ठाऊक? ठाऊक होता, पण पंचायतीच्या निवडणुकीतला. वॉर्ड रिझर्व पडला, सरपंचपद रिझर्व झालं. त्यामुळं मामा रिझर्वमधले म्हटल्यावर गावातली टारगट मंडळी विचारायची, “मामा, तुमचं रिझर्वेशन उठलं का न्हाई अजून?” मामा म्हणायचे, “उठलं की! पर जागा अजून खाली हाय, तू भरतोस का?” नाहीतर लोक त्यांना अर्धा फौजी म्हणायचे.  त्यावर मात्र मामा नुसते हसायचे आणि कात लावायला लागायचे. लागत होतं ते त्यांना, मला दिसायचं.

मामी काय वर्णावी! ठेंगणी, गोरीपान, आणि जीभ अशी की आडकित्ता बरा. नवराबायको घरात आपल्या बोलीत बोलायची, पण भांडायची मराठीत. मी एकदा विचारलं, असं का? मामी म्हणाली, “गल्लीला नीट कळाया नगं का, चूक कुणाची हाय ती?”

तर दोन हजार दोनपासून मामीचा उजवा खुबा गेला. आधी लंगडत होती, मग काठी आली, मग काठीनंही भागेना. दौंडच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं, खुब्याची वाटी पार झिजलीय. बदलावी लागेल. वर्षाच्या आत झालं तर चालतील, नाहीतर अंथरूण धरतील. मुलगा शिक्रापूरला कंपनीत, तोही कंत्राटी कामावर. एका खोलीत संसार. तो बिचारा काय करणार?

मामी अंथरूण धरणारी बाई नव्हती. दुकानात जायचं म्हणजे जायचं. मग मामांनी एक हातगाडा मिळवला. त्यावर पोतं अंथरायचं, मामीला पाठमोरी बसवायची आणि घरापासून स्टँडपर्यंत ढकलत न्यायची. नुसती न्यायची नाही, तर “बाजू हटाव! तोफ आ रही है!” असं ओरडत न्यायची. सगळं गाव दारात यायचं. मामी गाड्यावरून शिव्या घालायची, ढकलणाऱ्याला एक आणि बघणाऱ्यांना चार. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण एक दिवस दुकानात मी एकटाच गिऱ्हाईक होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सावळाराम, मला माझ्या पायानं दुकानात यायचंय रे. ह्यांच्या गाड्यावर बसून मरायचं न्हाई मला.” माझं पान तोंडात तसंच राहिलं. त्या दिवशी हसल्याची लाज वाटली मला.

दोन हजार तीन साली मामांच्या कानावर आलं, की सरकारनं माजी सैनिकांसाठी औषधपाण्याची योजना काढलीय. कार्ड मिळतं, त्या कार्डावर सैनिकाचाही इलाज होतो आणि बायकोचाही. जुन्या पेन्शनवाल्यांना वर्गणीसुद्धा माफ. मामा एस.टी.नं तडक शिरूरला माझ्याकडं आले.

“सावळाराम, एक झकास अर्ज ठोक. खुबा पायजे.”

“पण मामा, तुम्हाला मिळेल का? म्हणजे, तुम्ही रिझर्वमधले...”

“त्येच तर! अर्ध्या फौजीला अर्धाच खुबा दिला म्हंजी?” मामा डोळे मिचकावत म्हणाले खरे, पण टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं. उन्हामुळं नव्हे, पौष महिना होता.

मी म्हणालो, काळजी करू नका, असा अर्ज लिहितो की साहेब उभा राहून वाचेल. आणि लिहिला. आता ऐका, माझ्या हातून काय उतरलं ते. आजही पाठ आहे मला.

‘विषय : रंगसेवा व राखीव सेवेबद्दल पत्नीस औषधोपचार मिळणेबाबत. महोदय, मी तोफखान्यात सात वर्षे रंगसेवा केली असून त्यानंतर आठ वर्षे राखीव होतो. रंगसेवेतील माझी कामगिरी उत्कृष्ट होती. सबब पत्नीचा खुबा बदलून मिळावा, ही नम्र विनंती.’

कलर म्हणजे रंग, सर्व्हिस म्हणजे सेवा. चुकलं कुठं? मला तर तो शब्द इतका आवडला की मी दोनदा घातला. सैन्य हा शब्द तेवढा राहिला. तोफखाना म्हटल्यावर सैन्य आलंच, असं मला वाटलं. आपल्याकडं तोफखाना म्हटलं की लोकांना नगरची पेठ आठवते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

अर्ज ज्या कचेरीत गेला तिचं नाव मी घेणार नाही, मला अजून दारात बसायचंय. एवढंच सांगतो, की तिथं चार खात्यांची टपाल खिडकी एकच होती. आणि खिडकीवरच्या माणसाचाही दोष नाही. त्यानं लिहिलं होतं तेच वाचलं.

महिन्यानं पत्र आलं. मामा पत्र हवेत नाचवत आले. “बोलावणं आलं! दौंडला, बुधवारी, सकाळी अकरा. पुराव्यासहित हजर व्हा म्हणत्यात. म्हंजी मेडल लावून यावं लागंल.” पत्र अर्धं फाटलेलं, वरचं खात्याचं नाव पोस्टाच्या शिक्क्याखाली गेलेलं. ‘आपल्या सेवेच्या अनुषंगाने निवड समितीपुढे हजर राहावे’ एवढंच वाचता येत होतं. मी म्हणालो, बघा, माझ्या मराठीची करामत!

बुधवारी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर दोन मेडलं, काखेत जुनं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनबुक, अशा थाटात निघाले. मामीनं गाड्यावरूनच बजावलं, “नीट ऱ्हावा तिथं. खोड्या करू नगा. माझ्या पायाचा सवाल हाय.”

दौंड स्टेशनावर रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? मामा छाती काढून म्हणाले, “रिझर्वचं काम हाय.” त्यानं आम्हाला नेऊन सोडलं थेट राखीव पोलिसांच्या कॅम्पाच्या फाटकावर. दौंडात रिझर्व म्हटलं की एवढंच कळतं. फाटकावरच्या जवानानं मामांची मेडलं बघितली आणि कडक सलाम ठोकला. मामांनीही ठोकला. मग दोघांनी एकमेकांना विचारलं, काय काम आहे? हसाहशी झाली, त्यानं पत्र वाचून बरोबर पत्ता सांगितला, आणि आम्ही बाजारामागच्या एका सभागृहात पोचलो.

आत जाऊन बघतो तर काय, बाकांवर माणसं बसलेली. कुणाच्या मांडीवर संबळ, कुणाच्या हातात तुणतुणं. एका म्हाताऱ्या बाईनं पायांत चाळ बांधायला घेतले होते.  भिंतीवर कागद चिकटवलेला : वृद्ध कलावंत मानधन निवड.

मी मामांच्या कानाशी लागलो. “मामा, घोटाळा झालाय. चला.”

“कसला घोटाळा?”

“रंगसेवा म्हणजे त्यांना नाटक-तमाशा वाटला.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्यांच्या डोळ्यांत ती खोडी पेटली. “आलोय तर बघू तरी. एवढं इस्त्री करून आलोय.”

चाळवाली बाई सरकली आणि तिनं मामांना जागा दिली. मुक्ताबाई तिचं नाव. गळा बसलेला, पण रुबाब शाबूत. तिनं मेडलं निरखली. “बक्षिसं बरीच हायेत की. कंच्या फडात व्हता?”

“तोफखान्यात,” मामा म्हणाले.

“ह्यो कंचा फड? ऐकला न्हाई बाई. रातभर चालायचा?”

“रातभर. कवा कवा तीन-तीन दिस. आन् समोरची पार्टी बी तोडीस तोड. आमचा सवाल गेला की त्यांचा जवाब आलाच.”

“मग बारी कुणी मारली?”

“आमीच की. पेपरात आलं व्हतं.”

मुक्ताबाई खूश झाली. मी घामानं निथळत होतो. आणि तेवढ्यात पुकारा झाला : “रशीद तांबोळी, मांडवगण फराटा!”

समितीत तिघं जण होते. मधल्या चष्मेवाल्यानं वर न बघताच विचारलं, “तुम्ही कोण?”

“गनर,” मामा खाडकन म्हणाले.

“गाणार? बरं, काय गाणार?”

“गाणार न्हवं साहेब. गनर.”

“तेच विचारतोय. काय गाणार ते म्हणा, बाहेर माणसं खोळंबलीत.”

मी तोंड उघडणार, तोवर मामांनी माझा हात दाबला. आणि पुढं जे झालं ते दौंडात अजून सांगतात म्हणे. मामांनी समितीचं टेबल धरून गर्रकन वळवलं. फायली खाली. टेबलाची झाली तोफ. पाण्याचा तांब्या उचलला, तो झाला गोळा. आणि असा आवाज काढला की छपरावरची कबुतरं उडाली : “टारगेट सामने! लोड!” एकसष्ट वर्षांचा माणूस टेबलाभोवती विशीतल्या पोरासारखा गुडघ्यावर बसत होता, उठत होता, धावत होता. लोक उठून दारात आले. तुणतुणंवाल्यानं नकळत ठेका धरला. मामा गरजले, “नंबर तीन! नंबर तीन कहाँ है?”

आणि दारातून एक करडा आवाज आला, “हाजिर!” सभागृहाचा वॉचमन, काठी टाकून, धावत आत आला आणि टेबलाच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या तोफचीच्या जागी, गुडघा टेकून बसला. “रेडी!”

“फायर!”

तांब्यातलं पाणी चष्मेवाल्याच्या अंगावर. टाळ्यांचा कडकडाट. चष्मेवाला रुमालानं तोंड पुसत म्हणाला, “वा! एकपात्री, नाही, दोनपात्री. मंजूर करायला हरकत नाही.”

वॉचमन मात्र हसत नव्हता. दगडोबा त्याचं नाव, तोही तोफखान्यातला, हवालदार होऊन निवृत्त. त्यानं मामांची दोन्ही बुकं उघडली, बघितली, आणि विचारलं, “तुमी इथं कशापायी आलाय?” मामांनी खुब्यापासून सगळं सांगितलं. मग दगडोबानं माझा अर्ज फायलीतून काढून वाचला.

“रंगसेवा? कुन्या शान्यानं लिवलं हे?”

मी हात वर केला. दुसरं काय करणार!

“अवो, कलर म्हंजी पलटणीचा झेंडा. झेंड्याखालची नोकरी ती कलर सर्व्हिस. आन् तोफखान्यात तर तोफच झेंडा. तुमी त्येला रंग फासला व्हय!” मग मामांकडं वळून तो म्हणाला, “पेन्शनबुकात रिझर्व्हिस्ट पेन्शनर लिवलंय का? लिवलंय. मग तुमी अख्खं फौजी. बायकोचं बी कार्ड व्हतंय. इंग्रजी फॉर्म आना पुन्याहून, आन् इंग्रजी शब्द इंग्रजीतच ऱ्हाऊ द्या. ह्या भाऊसाहेबाला हात लावू देऊ नगा.”

अख्खं फौजी म्हटल्यावर मामा खुर्चीवर बसले. एवढा वेळ उड्या मारणारा माणूस, एकदम थकल्यासारखा. त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, “घाम हाय रे.” मानधनाच्या यादीतून त्यांनी आपलं नाव खोडून घेतलं आणि चष्मेवाल्याला सांगितलं, आमच्या वाटचा वेळ मुक्ताबाईला द्या, त्यांना निवांत गाऊ द्या. बसलेल्या गळ्यानं मुक्ताबाई काय गायली म्हणून सांगू! मामा शेवटपर्यंत ऐकत बसले, गाडी चुकली तरी.

फॉर्म आला. दगडोबा म्हणाला होता हात लावू देऊ नका, पण इंग्रजी वाचता येणारा जवळपास दुसरा होता कोण? मी दुकानात बसून भरायला घेतला. मामांची सही झाली, फोटो चिकटले. मग मामीची सही.

“थांब,” मामी म्हणाली. “काय लिवलंय ते आधी वाच. तुझ्या एका शब्दापायी ह्यांनी दौंडात तमाशा केला. समजल्याबिगर मी सही देनार न्हाई.”

मी वाचत गेलो. नाव, गाव, जन्मतारीख. मग माझं बोट आलं ‘डिपेंडंट’वर.

“ह्येचं काय?”

“अवलंबून,” मी म्हणालो. अगदी बरोबर अर्थ सांगितला हो. शब्दकोशात तोच आहे. “म्हणजे तुम्ही मामांवर अवलंबून असलेल्या.”

मामीनं आडकित्ता खाली ठेवला. “कोण? मी?”

“तशी लिहायची पद्धत आहे, मामी.”

“पद्धत गेली चुलीत! मी ह्यांच्यावर अवलंबून? सात वर्षं हे तिकडं, दुकान कुणी चालवलं? पोरगं कुणी वाढवलं? आन् मग घरी आले तवा सुटले व्हय? आठ वर्षं ती ट्रंक दाराशी भरून ठेवलेली. दर महिन्याला वर्दीला ऊन कोण दावत व्हतं? पोस्टमन गल्लीत शिरला की माझा आडकित्ता थांबायचा. एकाहत्तरला तार आलीच. हे भाकरी टाकून निघाले, आन् मी पाच महिने त्या दाराकडं बघत पानं लावली. तवा कोण कुणावर अवलंबून व्हतं?” गल्लीला नीट कळावं एवढ्या मोठ्यानं ती बोलली. मग फॉर्म माझ्या अंगावर फेकला. “न्हाई पायजे मला खुबा.”

मामा म्हणाले, अगं, नुसता शब्द हाय. ती म्हणाली, नुसत्या शब्दापायी तुम्हाला लोकं अर्धा फौजी म्हणत्यात, तवा कसं लागतं? मामांनी फॉर्म उचलून फळीवर ठेवला.

आठवडा गेला. दुसरा गेला. मामी ऐकेना. हातगाड्यावर बसणंही तिनं बंद केलं, कारण बसताना आता तिच्या तोंडून ओरड निघायची आणि ती तिला कुणाला ऐकू द्यायची नव्हती. दुकानाची फळी लागली. मामा माझ्याकडं आले ते खोडी न करता, म्हणून मी जास्त घाबरलो. लिंबाखाली उकिडवे बसले आणि म्हणाले, “सावळाराम, काल ती मोरीपतूर बी गेली न्हाई. मी उचलून नेली. काहीतरी कर बाबा. तुला एवढे शब्द येत्यात, एक कामाचा काढ.”

रात्री जेवण गेलं नाही मला. बायको म्हणाली, काय झालंय? मी म्हणालो, शब्द सापडत नाही. ती म्हणाली, मग झोपा.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन मामीच्या खाटेशी गेलो. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“मामी, माझी चूक झाली,” मी म्हणालो. “मी पुन्हा शब्दकोश बघितला. ह्या शब्दाचा साधा अर्थ वेगळा आणि फौजेतला वेगळा. फौजेत त्याचा अर्थ राखीव.”

भिंतीकडून आवाज आला, “म्हंजी?”

“म्हणजे रिझर्व. मामा सैनिक, आणि तुम्ही त्यांच्या रिझर्व. तार आली की उभी राहणारी बाई. असं लिहिलंय.”

पंचवीस वर्षं मी शब्दाला शब्द ठेवत आलो. जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला तो त्या दिवशीच. मामा दारात उभे होते. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मामी हळूहळू वळली. माझ्या तोंडाकडं तिनं बराच वेळ बघितलं, चिल्लर मोजताना बघावं तसं. “किती वर्षं लिवल्यात?”

“वर्षांचा आकडा नाही. लग्नाची तारीख आहे. तिथून पुढं.”

“मग बराबर हाय,” ती म्हणाली. “आण इकडं.” आणि तिनं एकेक अक्षर गिरवत सही केली, शहाबानो रशीद तांबोळी.

कार्डाआधी तात्पुरती चिठ्ठी मिळाली, तिच्यावरच पुण्याला ऑपरेशन झालं. सून सुफिया शिक्रापूरहून येऊन दोन महिने राहिली. मामा अंगणात उभे राहून मामीला चालवायचे, “एक, दो, एक!” आणि मामी म्हणायची, “गप बसा, न्हाईतर गाड्यावर तुमाला बसवीन.” हातगाडा मामांनी भाजीवाल्याला देऊन टाकला. एकदा मी गावी गेलो तर दुकान उघडं होतं आणि मामी आत होती. बोलली नाही माझ्याशी, गिऱ्हाईक होतं.

पुढं दिवाळीनंतरची गोष्ट. मी लिंबाखाली बसलो होतो. मान वर केली तर समोर मामी. काठीसुद्धा नाही. एकटी आलेली, एस.टी. स्टँडपासून कचेरीपर्यंत चालत.

“मामी! कशा आलात?”

“पायानं.” तिनं पदराखालून केळीच्या पानात बांधलेला विडा काढला. “तुझ्यापायी मुद्दाम लावून आणलाय. खा.”

माझं मन भरून आलं. मी विडा तोंडात टाकला, दोनदा चावला, आणि आई गं! जीभ, टाळू, गाल, सगळं पेटलं. पानात चुना होता का चुन्यात पान होतं, कोण जाणे. डोळ्यांतून धारा लागल्या. अर्ज लिहायला आलेली माणसं बघत राहिली.

“सुफियानं फॉर्मची झेरॉक्स वाचून दाखवली,” मामी शांतपणे म्हणाली. “डिपेंडंट. तिला बी इंग्रजी येतं.”

मी हात जोडले. बोलायची सोय नव्हती.

“आन् मला तवाच कळलं व्हतं. खोटं बोलायची तुला सवय न्हाई, तुझं तोंड सांगत व्हतं.”

मी थुंकलो, चूळ भरली, आणि कसंबसं विचारलं, “मग सही का केलीत?”

“पंचवीस वर्षांत तू पहिल्यांदा बराबर अर्थ सांगितलास म्हनून.”

“मग हा चुना कशाला?”

“तू मला लावलास. मी तुला लावला.” असं म्हणून ती वळली. मला म्हणायचं होतं, थांबा मामी, रिक्षा बोलावतो. पण जीभ उचलेना. ती रस्ता ओलांडून, बाजारातून, सरळ पायानं स्टँडकडं चालत गेली, आणि मी डोळे पुसत बघत राहिलो. आठ दिवस मला तिखट खाता आलं नाही.